अकरा वर्षांनी मोठा बाप : पीट पॉसलथ्वेटच्या एका भूमिकेचा अभ्यास

१९९३ साली जिम शेरिडन या आयरिश दिग्दर्शकाने 'इन द नेम ऑफ द फादर' करायला घेतला. मुलाच्या भूमिकेत होता डॅनियल डे-लुईस, वय ३६. बापाच्या भूमिकेत पीट पॉसलथ्वेट हा इंग्लिश नट, वय ४७. दोघांत अंतर अकरा वर्षांचं. एवढं अंतर तर घरातल्या थोरल्या आणि शेंडेफळ भावांतही असतं.

रंगभूषेने केस पिकवता येतात, पाठीला बाक आणता येतो. पण समोर डे-लुईस होता. चारच वर्षांपूर्वी याच शेरिडनच्या 'माय लेफ्ट फुट'मध्ये त्याने केलेल्या कामाला ऑस्कर मिळालेलं. एकदा भूमिकेत शिरला की चित्रीकरण संपेपर्यंत बाहेर न येणारा नट. अशा माणसापुढे बाप म्हणून उभं राहायचं, त्याच्या संतापाला पुरून उरायचं, आणि हे सगळं आवाज न चढवता करायचं. प्रेक्षकाला सुरुवातीलाच 'हा याचा बाप' असं पटलं नसतं, तर पुढचे दोन तास फुकट गेले असते. पडद्यावर बॉम्बस्फोट आहेत, पोलीस कोठडी आहे, न्यायालय आहे, पण चित्रपट आहे बाप-लेकाचा.

पॉसलथ्वेटला त्या कामासाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच्या आयुष्यातलं ते एकुलतं एक. या भूमिकेचा स्वतंत्र अभ्यास करावासा वाटतो, कारण दुय्यम भूमिकेतला नट मुख्य नटाच्या पदरात नेमकं काय टाकतो हे इथे प्रसंगाप्रसंगाने दाखवता येतं. आणि ते देण्याची ताकद त्याच्यात कुठून आली, हेही त्याच्या आयुष्यात मागे जाऊन पाहता येतं.

मूळ खटला

५ ऑक्टोबर १९७४ रोजी लंडनजवळच्या गिल्डफर्ड गावात दोन पबमध्ये आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, बॉम्ब उडवले. पाच माणसं मेली. पोलिसांवर दबाव प्रचंड होता. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून आलेला जेरी कॉनलन आणि आणखी तिघे पकडले गेले, त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले आणि पुढच्या वर्षी चौघांना जन्मठेप झाली. चौघंही निर्दोष होते.

मुलाला पकडल्याचं कळल्यावर जेरीचे वडील वकिलाची व्यवस्था करायला बेलफास्टहून लंडनला आले आणि मेव्हण्याच्या घरी उतरले. त्यांचं नाव जुझेप्पे. इटालियन वाटलं तरी माणूस पक्का बेलफास्टचा, फुप्फुसाच्या आजाराने खंगलेला. पोलिसांनी त्या घरातल्या सगळ्यांनाच उचललं. स्फोटकं हाताळल्याचा आरोप ठेवला आणि हातांच्या रासायनिक चाचण्यांच्या आधारावर १९७६ मध्ये सात जणांना शिक्षा ठोठावली. त्यात दोन अल्पवयीन मुलंही होती. जुझेप्पेंना बारा वर्षं झाली. जानेवारी १९८० मध्ये शिक्षा भोगत असतानाच ते वारले. जेरी आणि त्याचे तिघे सोबती ऑक्टोबर १९८९ मध्ये सुटले, सात जणांच्या शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाल्या. तोवर जुझेप्पेंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. ब्रिटिश पंतप्रधानांनी, म्हणजे टोनी ब्लेअर यांनी, जाहीर माफी मागितली ती २००५ मध्ये.

शेरिडनने या हकिकतीत मोठे फेरफार केले. खऱ्या आयुष्यात बाप-लेकांचे खटले वेगळे चालले. चित्रपटात दोघं एकाच खटल्यात आहेत आणि पुढे वर्षानुवर्षं एकाच कोठडीत आहेत. यावर ब्रिटनमध्ये त्या वेळी बरीच टीका झाली आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण या फेरफारामुळे चित्रपटाचा सगळा भार एका खोलीवर आला आणि त्या खोलीतल्या दोन माणसांवर. जुझेप्पेची भूमिका फिकी पडली असती, तर ही सवलत घेतल्याबद्दल शेरिडनला कुणी माफ केलं नसतं.

वॉरिंग्टन, ब्रिस्टल, लिव्हरपूल

लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधोमध वॉरिंग्टन नावाचं तारेच्या कारखान्यांचं शहर आहे. ७ फेब्रुवारी १९४६ रोजी पीटचा जन्म तिथे झाला. घर कॅथलिक, कष्टकरी. वडील विल्यम लाकडी पिंपं बनवणारे कारागीर, पुढे एका शाळेचे केअरटेकर. चार भावंडांतला पीट धाकटा. पाद्री होण्याचं मुलाच्या मनात होतं. ते मागे पडलं, मग शिक्षक होण्याचं शिक्षण घेतलं आणि मँचेस्टरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत नाटक आणि शारीरिक शिक्षण हे विषय शिकवले. नाटक आणि पीटी! पुढे त्याचं काम पाहताना ही जोडी मला वारंवार आठवते, कारण या नटाला आपलं शरीर नेमकं कुठे ठेवायचं ते अचूक ठाऊक होतं.

पंचविशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून तो ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये दाखल झाला. डे-लुईसही पुढे त्याच शाळेत शिकला. तिथून पॉसलथ्वेट आला लिव्हरपूलच्या होप स्ट्रीटवरच्या एव्हरीमन थिएटरमध्ये.

एव्हरीमनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९६४ मध्ये एका जुन्या चॅपलच्या इमारतीत सुरू झालेलं हे थिएटर सत्तरच्या दशकात ॲलन डॉसर या दिग्दर्शकाच्या हाती होतं. आपल्या गावातल्या माणसांची, गोदी कामगारांची, संपांची नाटकं गावच्याच बोलीत करायची, हा त्याचा आग्रह. त्या एका कंपनीतून जॉनथन प्राइस, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, अँटनी शेर आणि पीट पॉसलथ्वेट निघाले. एवढ्या लहान जागेतून एवढे नट एकाच काळात तयार होणं, हे इंग्लंडच्या नाट्येतिहासातही विरळाच. यातली काही मंडळी व्हॅनमधून पबमध्ये आणि वस्त्यांमधल्या सभागृहांत जाऊन प्रयोग करायची. पबमधला माणूस तिकीट काढून आलेला नसतो. त्याच्या हातात ग्लास असतो, पाठ तुमच्याकडे असते. त्याने वळून पाहावं असं काहीतरी तुम्हाला करावं लागतं, आणि आरडाओरडा करून तो वळत नाही, कारण आरडाओरडा पबमध्ये आधीच असतो. मला वाटतं, कमी आवाजात माणूस बांधून ठेवायची कला पॉसलथ्वेटकडे इथून आली.

ब्रिटनमध्ये त्या काळी गावोगावच्या थिएटरांना सरकारी अनुदान होतं आणि स्थानिक प्रशासन नाट्यशाळेच्या विद्यार्थ्यांना मदत देत असे. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा नट होऊ शकला तो या व्यवस्थेच्या काळात. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे या व्यवस्थेला कात्री लागत गेली.

नाव बदल, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याच्या नावात इतकी अक्षरं आहेत की ते दिव्यांनी झळकवायचं तर विजेचं बिल कुठल्याच थिएटरला परवडणार नाही, अशी थट्टाही व्हायची. त्याने नाव बदललं नाही. चेहऱ्याचंही तसंच. वर आलेली गालफडं, आत गेलेले गाल, दबलेलं नाक. अशा चेहऱ्याला नायकाची भूमिका कुणी देत नाही. १९७७ मध्ये रिडली स्कॉटच्या पहिल्या चित्रपटात, 'द ड्युएलिस्ट्स'मध्ये, तो एका जनरलची दाढी करणारा माणूस म्हणून क्षणभर दिसतो. ऐंशीचं दशक गेलं रॉयल शेक्सपियर कंपनीत, टीव्हीवरच्या फुटकळ कामांत आणि रंगभूमीवर. चाळिशी ओलांडली, तरी नाटकवाल्यांपलीकडे त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं.

आधीचा बाप

१९८८ मध्ये टेरेन्स डेव्हिस या लिव्हरपूलच्याच दिग्दर्शकाने आपल्या घरावर चित्रपट केला, 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'. त्यात बाप आहे पॉसलथ्वेट. बायकोला मारणारा, मुलांना थरथरायला लावणारा.

त्यातला ख्रिसमसचा प्रसंग मी कुणालाही दाखवायला तयार असतो. आदल्या रात्री हा बाप झोपलेल्या मुलांपाशी येतो, भेटींचे मोजे अडकवतो, त्यांच्याकडे बघत उभा राहतो. चेहऱ्यावर खरी माया आहे, नाटकी अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेत. कुणी काही बोलत नाही. बाप टेबलक्लॉथचं टोक धरतो आणि ताट-वाट्यांसकट सगळं खाली ओढतो. मग ओरडतो, साफ करा हे.

मधली पायरी दिग्दर्शकाने दाखवलेली नाही. काय बिघडलं, कोण काय बोललं, काहीच कळत नाही. साधा नट असता तर टेबलावर बसल्याबसल्या डोळे वटारून आपल्याला आधीच इशारा दिला असता. पॉसलथ्वेट तसलं काही करत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला मुलांचा अनुभव येतो. घरातल्या माणसाचं पुढच्या क्षणी काय होईल ते न कळण्याची भीती. चित्रपटभर ती मुलं काय सोसतायत ते आपल्याला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा बापाच्या चेहऱ्यावरून जास्त कळतं.

त्याच्या पुढच्या साऱ्या कामाची दिशा मला इथे दिसते. त्याने बाप रंगवले, पण स्वतः मोठं दिसण्यासाठी नाही. समोरच्या नटाला तो मूल करून ठेवतो. बाप इतका खरा असतो की समोरचा माणूस, मग तो कितीही मोठा तारा असो, आपोआप कुणाचा तरी मुलगा होतो.

कोठडी

'इन द नेम ऑफ द फादर'मधला जेरी सुरुवातीला बेलफास्टमधला भुरटा चोर आहे. छपरावरचं शिसं चोरताना सैनिकांना तो बंदूकधारी वाटतो आणि वस्तीत दंगल पेटते. आयआरएची माणसं त्याला शिक्षा द्यायला निघतात, वडील मध्ये पडून त्याला सोडवतात आणि लंडनला पाठवून देतात. या सगळ्यात पॉसलथ्वेट लाजल्यासारखा दिसतो. मुलाने चारचौघांत खाली बघायला लावलंय, तरी त्याचा हात सोडवत नाही, असा बाप. त्याची चालसुद्धा बघण्यासारखी आहे. छोटी पावलं, मध्येच श्वास घ्यायला थांबणं, आणि आपण थांबलो हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशी धडपड. आजारी माणसाचा अभिनय करणारे नट सहसा आजार दाखवतात. हा आजार लपवणारा माणूस दाखवतो.

मग मुख्य प्रसंग. जेरी कोठडीत आहे आणि वडिलांनाही तिथेच आणून टाकतात. मुलगा फुटतो. लहानपणी फुटबॉलमध्ये मिळालेल्या मेडलची गोष्ट काढतो. मी काही चुकीचं केलं की तुम्ही नेमके माझ्या मागे येता, चांगलं केलं तेव्हा का नाही आलात, असं ओरडून विचारतो. डे-लुईस खोलीभर फिरतो, आवाज टिपेला जातो, शब्द एकमेकांवर आदळतात. पॉसलथ्वेटच्या वाट्याला अगदी थोडे शब्द आहेत.

हा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. डे-लुईसच्या हालचालींत एवढी ताकद आहे की पहिल्यांदा नजर त्याच्यावरच खिळते. दुसऱ्यांदा पाहताना पॉसलथ्वेटकडे बघा. तो बचाव करत नाही. मान खाली घालून अपराध्यासारखा उभाही राहत नाही. मुलाचं बोलणं तो ऐकतो, आणि ऐकता ऐकता त्याला कळत जातं की आरोप खरा आहे आणि खोटाही आहे. आयुष्यभर या मुलाच्या मागे आपण भीतीपोटी धावलो, आणि ती भीती मुलाला अविश्वासासारखी वाटली. हे सगळं कुठल्याही संवादात नाही. ते त्याच्या ऐकण्यात आहे.

समोर असा ऐकणारा नसता तर डे-लुईसचा उद्रेक नुसता तमाशा झाला असता. एका चोरट्या पोराची चिडचिड, एवढीच त्याची किंमत राहिली असती. ती चिडचिड दुःख म्हणून आपल्यापर्यंत पोचते ती पॉसलथ्वेटच्या तोंडावरून. मुख्य नटाच्या भावनेला वजन देण्याचं काम दुसरा नट करतो, हे वाक्य अभिनयाच्या वर्गांत सतत ऐकू येतं. त्याचा एवढा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

पुढे वर्षं जातात. जुझेप्पे कोठडीत बसून पत्रं लिहितो, खटला पुन्हा उघडावा म्हणून चिकाटीने प्रयत्न करतो, प्रार्थना करतो. जेरी त्याला हसतो आणि आयआरएच्या एका कैद्याच्या नादाला लागतो. तो कैदी एका तुरुंग अधिकाऱ्याला जाळतो तेव्हा जेरीचे डोळे उघडतात. इथून मुलगा बापाकडे परत येतो आणि बाप मात्र हळूहळू निघून जायला लागतो. या भागात पॉसलथ्वेटचा आवाज आणखी खाली येतो. वाक्यं तुटतात ती श्वास संपला म्हणून, हुंदका आला म्हणून नव्हे. मरणाच्या भीतीबद्दल बोलतानाही तो स्वतःची कीव करत नाही, त्याला काळजी आहे ती बायकोची. जुझेप्पे गेल्याची बातमी येते तेव्हा कैदी खिडक्यांतून पेटते कागद सोडतात. तुरुंगाची दृश्यं डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगात चित्रित झाली आहेत. रात्रीच्या अंधारात त्या भिंतींवरून जळते कागद तरंगत खाली येतात. ज्या माणसासाठी ही मानवंदना आहे त्याने चित्रपटभर एकदाही स्वतःकडे लक्ष वेधून घेतलेलं नाही, म्हणून ती आतपर्यंत जाते.

बापाच्या मृत्यूनंतरच्या चित्रपटाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. वकील गॅरेथ पीअर्सच्या भूमिकेत एमा थॉम्प्सन उत्तम आहे, न्यायालयातला शेवट रंगतदार आहे, पण जुझेप्पे गेल्यावर कथेतली ऊब जाते आणि उरतो तो चांगला बांधलेला खटला. ही उणीव आपल्याला जाणवते, हीदेखील त्या भूमिकेची पावतीच म्हणायची.

२१ मार्च १९९४ च्या ऑस्कर समारंभात सहाय्यक अभिनेत्याच्या यादीत त्याच्यासोबत रेफ फाइन्स, जॉन माल्कोविच, एकोणीस वर्षांचा लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि टॉमी ली जोन्स होते. पुरस्कार 'द फ्युजिटिव्ह'साठी जोन्सला गेला. चित्रपटाला सात नामांकनं होती, एकही पुरस्कार मिळाला नाही. बर्लिन महोत्सवाने मात्र चित्रपटाला गोल्डन बेअर हा आपला सर्वोच्च पुरस्कार दिला.

दार उघडल्यावर

पन्नाशीच्या आसपास नटाला अशी संधी आली की बहुतेक जण मिळेल ते घेत सुटतात. पॉसलथ्वेटनेही भरपूर कामं केली. १९९५ च्या 'द युज्वल सस्पेक्ट्स'मध्ये तो कोबायाशी नावाचा वकील आहे. नाव जपानी, चेहरा लँकाशायरचा, आणि उच्चार कुठल्या देशाचे ते ओळखता येत नाहीत. पुढच्या वर्षी 'रोमिओ + ज्युलिएट'मधला फादर लॉरेन्स. १९९७ मध्ये स्पीलबर्गने लागोपाठ दोन चित्रपटांत घेतलं. 'आमिस्ताद'मध्ये तो सरकारी वकील आहे. 'द लॉस्ट वर्ल्ड: ज्युरासिक पार्क'मध्ये रोलंड टेम्बो नावाचा शिकारी, ज्याचा अजय सिधू हा भारतीय साथीदार त्या बेटावर मारला जातो. हवी ती शिकार हातात आल्यावर टेम्बोला मोठ्या नोकरीचं आमंत्रण येतं. मृत्यूच्या संगतीत पुरेसा वेळ घालवला, असं म्हणून तो नकार देतो. डायनासोरांच्या गदारोळात एवढा एकच माणूस दुःखात आहे असं वाटतं. पॉसलथ्वेट हा जगातला सर्वोत्तम नट आहे, असं स्पीलबर्ग म्हणाला होता. त्यावर पॉसलथ्वेटचं उत्तर असं होतं, की स्पीलबर्ग खरं म्हणाला असेल ते असं : पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे.

पण या वर्षांतली त्याची सगळ्यात मोलाची भूमिका हॉलिवूडची नाही. १९९६ चा 'ब्रास्ड ऑफ' यॉर्कशायरच्या खाणकामगारांच्या बँडवर आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली, सुमारे तीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. त्याच महिन्यात ग्राइमथॉर्प खाणीच्या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि १९९३ मध्ये ती खाण बंद झाली. चित्रपटाला आधार या घटनांचा आहे, गावाचं नाव फक्त ग्रिमली केलंय.

पॉसलथ्वेट बँडचा संचालक डॅनी. फुप्फुसांत कोळशाची धूळ साठलेली, खोकल्यातून काळं पडतंय. त्याला बँडशिवाय काही दिसत नाही. त्याचा मुलगा फिल ट्रॉम्बोन वाजवतो, कर्जात बुडालाय, बायको-मुलं घर सोडून गेलीत. पोटासाठी तो विदूषकाचे कपडे घालून मुलांच्या वाढदिवसांना खेळ करतो. त्याच कपड्यांत तो स्वतःला टांगून घ्यायला जातो तेव्हा डॅनीला आपला मुलगा दिसतो. शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो आणि आजारी डॅनी, हॉस्पिटलमधून थेट आलेला, मंचावरून चषक नाकारतो. संगीत सगळ्यात महत्त्वाचं आहे असं आपण मानत आलो, पण माणसांपुढे त्याची काही किंमत नाही, असं तो सांगतो. चषक घेतला असता तर ती बातमी झाली नसती, नाकारला म्हणून लोक ऐकतील, हेही सांगतो. या भाषणाचा तुकडा चम्बावम्बा या बँडने आपल्या 'टबथम्पिंग' या गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीच्या आधी घातला.

इथे तो प्रमुख भूमिकेत आहे, तरी सवय सहाय्यक नटाचीच. भाषण सुरू असताना तो विजेत्यासारखा छाती काढून उभा नाही. श्वास पुरवून पुरवून बोलतोय. जुझेप्पेचा श्वास आणि डॅनीचा श्वास शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. जुझेप्पे दम लागला की गप्प होतो. डॅनी दम लागला तरी वाक्य पुरं करतो, कारण त्याच्याकडे वेळ उरलेला नाही आणि आयुष्यभर जे बोलायचं राहिलं ते मुलासमोर बोलायचं आहे.

पदक आणि कोळसा

२००४ च्या नववर्षाच्या यादीत त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. हा माणूस इराक युद्धाविरुद्धच्या मोर्च्यांत चालला होता, हे सांगितलं की पुढची गोष्ट नवलाची वाटणार नाही.

२००९ मध्ये फ्रॅनी आर्मस्ट्राँगचा 'द एज ऑफ स्टुपिड' आला. शेकडो सामान्य लोकांकडून वर्गणी गोळा करून केलेला हवामान बदलावरचा चित्रपट. पॉसलथ्वेट त्यात २०५५ सालातला एकटा उरलेला माणूस आहे. उद्ध्वस्त जगातल्या एका मनोऱ्यात बसून तो आपल्या काळातली खरी चित्रफीत बघतो आणि विचारतो, वेळ होता तेव्हा यांनी काही केलं का नाही. त्या चित्रफितीत मुंबईही आहे. गोएअर ही स्वस्त विमानसेवा सुरू करणारे जेह वाडिया या चित्रपटातल्या खऱ्या माणसांपैकी एक आहेत. गरिबालाही विमानातून जाता यावं हे त्यांचं म्हणणं आणि विमानांच्या धुराचं काय हा दिग्दर्शिकेचा प्रश्न, दोन्ही बाजू आपल्याकडच्या प्रेक्षकाला आपल्याच वाटतील.

लंडनमधल्या पहिल्या खेळाला ऊर्जामंत्री एड मिलिबँड हजर होते. किंग्जनॉर्थ इथे नव्या कोळसा वीजकेंद्राला परवानगी दिलीत तर मी ओबीई परत करीन, असं पॉसलथ्वेटने त्यांना सर्वांसमक्ष सांगितलं. पुढच्याच महिन्यात सरकारने कोळशाच्या नव्या केंद्रांवर धुरातला कार्बन पकडून साठवण्याची अट घातली. किंग्जनॉर्थचा प्रकल्प आधी पुढे ढकलला गेला, नंतर गुंडाळला गेला. हे एका नटामुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, त्यामागे कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची चळवळ होती. मला लक्षात राहतं ते वेगळंच. कोळशाने ज्यांची फुप्फुसं खाल्ली त्यांची बाजू पडद्यावर मांडणारा आणि कोळशाच्या नव्या केंद्राला विरोध करणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही. डॅनीने अल्बर्ट हॉलमध्ये जे केलं तेच त्याने मिलिबँडसमोर केलं. लोकांनी ऐकावं म्हणून हातातली मानाची वस्तू पणाला लावली.

शेवटचे बाप

२००८ मध्ये लिव्हरपूल हे युरोपच्या संस्कृतीची राजधानी म्हणून साजरं होत होतं. त्या निमित्ताने पॉसलथ्वेट एव्हरीमनमध्ये परत गेला आणि किंग लिअर केला. पस्तीसएक वर्षांपूर्वी ज्या मंचावर सुरुवात केली तिथेच, मुलींना ओळखण्यात चुकलेला म्हातारा राजा. रूपर्ट गूल्डच्या दिग्दर्शनाबद्दल समीक्षकांची मतं विभागली गेली. पुढच्या वर्षी तो प्रयोग लंडनच्या यंग विकमध्येही झाला.

१९९० मध्ये एकदा त्याला कर्करोग होऊन गेला होता. आता स्वादुपिंडाचा झाला. तरी २०१० साली तो तीन मोठ्या चित्रपटांत आहे. 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये नायकाला समुद्रातून उचलून वाढवणारा कोळी बाप. 'इन्सेप्शन'मध्ये मृत्युशय्येवरचा उद्योगपती, ज्याचा एक अस्पष्ट शब्द मुलाच्या मनात काट्यासारखा रुतून बसलाय. भूमिका काही मिनिटांची, पण त्या अजस्र चित्रपटाची चावी तिथे आहे. मुलाला वाटलं पाहिजे की या माणसाचं प्रेम मिळवण्यासाठी आपण काहीही करू. किलियन मर्फी तिजोरीपाशी रडतो तेव्हा पलंगावरच्या त्या खंगलेल्या चेहऱ्यामुळे ते खरं वाटतं.

तिसरा 'द टाउन'. बॉस्टनमधला फुलवाला, आडून दरोडे घालणारा फर्गी. दुकानात बसून गुलाबांचे काटे छाटत तो बेन ॲफ्लेकला सांगतो की तुझ्या बापाला मी कसा वठणीवर आणला आणि तुझ्या आईचं काय झालं. हात थांबत नाहीत, आवाज चढत नाही. इथे त्याने आपलंच हत्यार उलटं धरलंय. ज्या संथपणात जुझेप्पेची माया होती त्यातच फर्गीचं विष आहे. ॲफ्लेक तेवढ्या वेळात खरंच बारा वर्षांचा पोरगा होऊन जातो.

२ जानेवारी २०११ रोजी श्रूजबरी इथल्या हॉस्पिटलमध्ये पॉसलथ्वेट गेला, वय ६४. फर्गीच्या कामासाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन त्यानंतर जाहीर झालं.

अभिनय शिकणाऱ्यांनी त्याचे चार चित्रपट या क्रमाने पाहावेत असं मी सुचवीन. आधी 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', मग 'इन द नेम ऑफ द फादर', मग 'ब्रास्ड ऑफ', शेवटी 'द टाउन'मधला फुलांच्या दुकानातला प्रसंग. प्रत्येक वेळी एकदा मुलाच्या भूमिकेतल्या नटावर नजर ठेवून पाहा आणि एकदा बापावर. दुसऱ्या फेरीत वही जवळ असू द्या.